तेलातला पट्टा

आमची आत्या पट्टेवाली होती. हे ऐकलं की लोकांना वाटतं, कुठल्या तरी कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसत असेल. एकदा घरोघरी फिरून माहिती लिहून घेणारा एक माणूस आला होता.

"काम काय करता?"

"पट्टेवाली आहे."

"कुठल्या ऑफिसात?"

"जंगलात."

"जंगलात साहेब कोण असतो?"

"साहेब नसतो. झाडं असतात. त्यांना पट्टे काढते."

त्यानं बराच विचार करून 'इतर' असं लिहिलं आणि उठला. आत्या मागून म्हणाली, "अहो, आत्ता बसला होतात त्या खुर्चीचे पाय सरळ आहेत ना, ते या 'इतर'मुळं!" तिच्या नाकावर कायम राग असायचा. टिकायचा नाही फार वेळ, पण असायचा.

काम खरंच साधं नव्हतं. लावलेल्या जंगलात रोपं मुद्दाम दाटीनं लावतात. पुढं काही वर्षांनी त्यातली निम्मीशिम्मी काढावी लागतात, नाहीतर सगळीच खुरटतात. याला विरळणी म्हणतात. कुऱ्हाडवाले आत शिरायच्या आधी कोणीतरी पुढं जाऊन ठरवायचं असतं, कोण राहणार आणि कोण जाणार. ते ठरवणारी आत्या. राहणाऱ्या झाडाच्या खोडावर ती छातीच्या उंचीला गेरूचा तांबडा पट्टा काढायची. ज्याला पट्टा नाही ते पडलं. गेरू तेलात कालवलेला असायचा, म्हणजे पावसापाण्यानं जाऊ नये. त्याचा डबा ती तारेनं कमरेला अडकवायची आणि कुंचला झिजला की सरळ अंगठा बुडवायची. तिचा उजवा अंगठा मी कधी स्वच्छ पाहिला नाही.

सुट्टीत मी तिच्या मागं मागं फिरायचे, आणि दाटीत झाडं कशी वाढतात ते तिनं मला तेव्हाच दाखवलं. सगळी एकाच दिवशी लावलेली, एकाच मापाची. पहिली काही वर्षं सगळी गुण्यागोविंदानं नांदतात. मग शेंड्याला शेंडा लागतो आणि वर उजेड कमी पडायला लागतो. तिथून पुढं जो तो वर धावतो. खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही म्हणून त्या वाळतात, गळतात, आणि खोड काठीसारखं बारीक राहून नुसतं उंच होतं. पार टोकाला एवढासा झुपका. "उंची बघून भुलू नकोस," आत्या म्हणायची. "ही सगळी एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. शेजारचं काढलं की कळतं कोणात किती दम आहे."

म्हणून तिचा एक नियम होता. झाडाच्या दोन्ही बाजू एका वर्षात उघडायच्या नाहीत. यंदा एक शेजारी काढायचा, झाडाला जाड व्हायला वेळ द्यायचा, मग दुसरा. घाई केली की पहिल्याच वाऱ्याला झाड आडवं.

आणि जी शर्यतीत मागं पडतात त्यांचं वेगळंच. ती वर जायचं सोडून देतात. कमरेएवढ्या किंवा डोक्याएवढ्या उंचीवर आडव्या फांद्या पसरतात, पानं सपाट धरतात, आणि वरून गळेल तेवढं ऊन झेलत बसतात. शेंडा असून नसल्यासारखा. आत्या म्हणायची, "यानं छत्री धरली." छत्री धरलेल्या झाडाकडे ती दुसऱ्यांदा बघायची नाही. त्याला पट्टा नाही. मी एकदा विचारलं होतं, बिचारं आहे, राहू दे की. तर म्हणाली, "राहून करणार काय? त्याची वाढ संपली."

आता राजेकाकाबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट आत्या त्याला घरी परत आणायला निघाली त्याची आहे.

भावंडं तिघं. आत्या थोरली, मधले माझे बाबा, आणि धाकटा राजेकाका. तो वयानं वाढला, पण समज मागं राहिली. बोलणं दोन-चार शब्दांचं, तेही अडखळत. लाकडाच्या वखारीमागं कामगारांच्या ओळीनं बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. तिथल्या दाराच्या पायरीवर तो दिवसभर बसायचा. चहा तिथं, जेवण तिथं, येणारेजाणारे तिथंच त्याला रामराम करायचे. म्हणून त्याचं नाव पडलं राजे. बाबा शिकून शहरात गेले, तिथलेच झाले. आत्या राहिली, आजी राहिली, आणि राजे पायरीवर राहिले.

लहानपणी राजेकाका एकदा आत्याच्या मागोमाग जंगलात शिरला आणि हरवला. सापडला तेव्हा अंधारून आलं होतं, आणि आत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना तिनं गेरूत अंगठा बुडवून त्याच्या मनगटाभोवती पट्टा काढला. "हे बघ, राजा. पट्ट्याचं झाड जागेवर राहतं. तूही राहायचं. पट्टा आहे तोवर जागचं हलायचं नाही." आणि तो हलला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तो आपणहून डावा हात पुढं करायचा. झाडांचा गेरू तेलातला, राजेकाकाचा पाण्यातला. त्याच्यासाठी गेरूचा खडा वेगळा, फडक्यात बांधलेला. संध्याकाळी आली की पाय धुवायच्या आधी आत्या ओल्या फडक्यानं तो पट्टा पुसायची. "सुटलात हो राजे," म्हणायची. मग राजे उठायचे, अंगणात दोन चकरा मारायचे.

मला हे लहानपणी फार गोड वाटायचं. मोठी झाल्यावर तेवढं वाटेना. पण आत्यापुढं बोलायची कोणाची टाप होती?

त्याला काय हवं ते त्याच्या आधी तिला कळायचं. त्यानं नुसतं पेल्याकडे बघितलं की पाणी हजर. कोणी त्याला विचारलं, "काय राजे, कसं काय?" की आतून आत्या ओरडायची, "बरा आहे!" मग तो नुसता मान हलवायचा. आत्याला बघायला दोन स्थळं येऊन गेली होती म्हणे. दोन्हीकडे तिनं एकच अट घातली, भाऊ बरोबर येईल. स्थळं परत आली नाहीत, आणि तिनंही त्यांची वाट बघितली नाही. "माझ्या सावलीत आहे तो," असं ती अभिमानानं सांगायची. सावली हा शब्द आपल्याकडे मायेचा आहे. जंगलात तो तसा नाही, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण घरातलं घरात आणि जंगलातलं जंगलात, असं प्रत्येकाचंच असतं.

आजी होती तोवर सगळं निभावलं. दिवसभर घरात कोणीतरी होतं. मग आजी गेली. आत्यानं तेराही दिवस घरात काढले आणि पुन्हा कामावर जायला लागली. जाताना राजेकाकाला पट्टा, शेजारणीला "जरा लक्ष असू दे" एवढं सांगणं.

त्यानंतर काही आठवड्यांनी अवकाळी पाऊस आला. दुपारपासून धो धो. शेजारीण बाहेर गेलेली. आत्या जंगलात अडकलेली. ती भिजत घरी आली तेव्हा राजेकाका पायरीवरच होता. दार मागं सताड उघडं, आतली कोरडी जमीनही तिथून दिसत होती, दोन पावलं मागं सरकला असता तरी कोरडा राहिला असता. तो निळा पडला होता, दात वाजत होते. आणि डावा हात त्यानं काखेत घट्ट दाबून धरला होता. पावसानं पट्टा धुऊन जाऊ नये म्हणून.

न्यूमोनिया झाला. दवाखान्यात बरेच दिवस गेले. बाबा शहरातून आले. ते तसे मऊ माणूस, थोरल्या बहिणीपुढं जन्मभर मूग गिळून बसलेले. त्या दिवशी मात्र बोलले. हे मला त्यांनीच मागाहून सांगितलं.

"ताई, आता हे असं चालायचं नाही."

"कसं?"

"माझ्या घराजवळ एक निवासी संस्था आहे. अशाच लोकांसाठी. माणसं चांगली आहेत, मी बघून आलोय."

"संस्था अनाथांना असते. माझा भाऊ अनाथ नाही."

"माझाही भाऊच आहे तो. ताई, दार उघडं होतं. तो आत का गेला नाही, सांग बरं मला?"

खाटेवर राजेकाका झोपला होता, हातात सुई, मनगट पुसून स्वच्छ केलेलं. ती त्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा होईपर्यंत. बरा झाला की मी घेऊन येणार."

बाबांनी मान डोलावली. असल्या वेळी मान डोलवण्यात ते हुशार होते.

त्यानंतर मी आत्याकडे राहायला गेले, आणि मला धक्काच बसला. आत्या अशी वाळली होती की पदर खांद्यावर ठरत नव्हता. सकाळी दोघांचा चहा करायची आणि दुसरा कप स्वतःच गार करून प्यायची. जेवण उभ्याउभ्या. संध्याकाळी कामावरून आली की ओलं फडकं हातात घेऊन दारापर्यंत जायची, तिथं थांबायची, आणि मग त्याच फडक्यानं पायरी पुसून काढायची. पायरी काचेसारखी झाली होती. कुऱ्हाडवाल्यांच्या मुकादमानं मला वाटेत गाठलं. "बाईंना जरा सांगा हो तुम्ही. हल्ली त्या सगळ्याच झाडांना पट्टे काढत सुटल्यात. आम्ही तोडायचं काय, आमचं डोकं?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर जंगलात गेले. आत गेल्यावर एका जागी एकदम उजेड झाला. एक मोठं पट्ट्याचं झाड वाऱ्यानं मुळासकट आडवं पडलं होतं. आत्या त्या खोडावर बसली आणि मुळांकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्या दोन्ही बाजू एकाच साली उघडल्या. मी रजेवर होते तेव्हा कोणीतरी उरकून टाकलं." मग म्हणाली, "माझंही तेच केलंत तुम्ही. आई गेली, आणि वर्षाच्या आत तोही गेला. झाडाला कोणी असं करत नाही गं."

मी म्हटलं, "मग तू 'हो' का म्हणालीस?"

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तू काय तिथं होतीस?" ती रागावली, आणि मग डोळ्याला पदर लावला. मी आत्याला रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

उठताना तिची नजर पडलेल्या झाडापलीकडे गेली. तिथं एक छत्री धरलेलं झाड होतं, वर्षानुवर्षं तेवढंच. कुऱ्हाडवाल्यांनीही त्याला हात लावायचे कष्ट घेतले नव्हते. त्या सपाट छत्रीच्या मधोमध एक नवा शेंडा सरळ वर निघाला होता. ताजा, पोपटी, माझ्या हाताएवढा लांब. आत्या जवळ गेली, शेंडा जिथून फुटला होता तिथं तिनं बोट फिरवलं. "कानामागून आली आणि तिखट झाली," ती पुटपुटली. आवाजात कौतुक नव्हतं. तिला ते आवडलंच नव्हतं. पट्टा न काढता ती वळली आणि चालायला लागली. चालता चालता म्हणाली, "उद्या जाऊन राजाला घेऊन येते. सुकला असेल तो तिथं. कोणाला काय सांगणार, त्याला बोलता कुठं येतं?"

मीही गेले, पहिल्यांदाच. ती तिथं भांडेल अशी मला भीती होती.

बसमध्ये ती मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली. आत राजेकाकाचा घरचा सदरा, त्याचा पेला, फडक्यात बांधलेला गेरूचा खडा. आणि तळाशी कामाचा डबाही होता, सवयीनं आलेला. संस्थेपाशी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. बैठी इमारत, पुढं मोकळं आवार, आवारात दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. तिथल्या बाईंनी आमचं नाव ऐकलं आणि हसल्या. "या ना. ते कामावर आहेत."

"कामावर?" आत्या म्हणाली. "काय काम करायला लावलंत त्याला?"

बाईंनी नुसतं चादरींकडे बोट केलं.

चादरींच्या मागून आवाज येत होता. जाड, मोठा, मोकळा आवाज. "धर! ... ओढ! ... आता घडी! ... अरे, कोपरा! कोपरा सुटला!" आम्ही वळसा घालून गेलो. राजेकाका एका चादरीची दोन टोकं धरून उभा होता. समोरची दोन टोकं एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात. तो माणूस बहिरा होता, म्हणून राजेकाका एवढ्या मोठ्यानं ओरडत होता आणि बरोबरीनं मान हलवून खुणा करत होता. दोघं पुढं यायचे, टोकाला टोक लावायचे, पुन्हा मागं जायचे. घड्यांची चळत शेजारी बाकावर.

आत्या तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ हा माणूस आमच्या घरात होता, आणि त्याचा असा मोकळा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकत होते.

"पहिले काही दिवस जागचे उठायचेच नाहीत," बाई हळूच सांगत होत्या. "मनगट दाखवायचे. आम्हाला काही कळायचं नाही. मग त्यांना काय हवं ते त्यांनाच सांगावं लागलं ना. एकेक शब्द यायला लागला."

राजेकाकानं आम्हाला पाहिलं. चादर आधी नीट पुरी घडी केली, चळतीवर ठेवली, मगच आला. अंगानं भरला होता. भांग दुसऱ्या बाजूला पाडला होता, त्यामुळं चेहराच बदलला होता. तो आत्याचा हात धरून तिला त्या बहिऱ्या माणसाजवळ घेऊन गेला आणि त्याच्या कानाशी ओरडला, "ही माझी ताई! पट्टेवाली!" मग मला म्हणाला, "तू मोठी झालीस." मग आम्हाला खोलीत नेलं. ओळीनं खाटा होत्या. "ही माझी. ही खुंटी माझी." आत्याला खुर्ची दिली. माठातून पाणी आणून दिलं. जन्मात त्यानं आत्याला पाणी दिलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. आत्या तो पेला हातात धरून बसली, प्यायली नाही.

मग म्हणाली, "राजा, मी न्यायला आलेय. चल घरी."

राजेकाकाचं हसू गेलं. तो खाटेच्या कडेवर बसला. बराच वेळ खाली बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते. आत्या नेहमी अशा वेळी त्याच्यासाठी बोलून टाकायची. तिनं तोंड उघडलंही. मी तिच्या दंडावर हात ठेवला, आणि ती थांबली.

शेवटी त्यानं डावा हात पुढं केला. "ताई, पट्टा काढ."

"अरे, हात मोकळाच आहे तुझा. काढायचं काय? धुतला कधीच यांनी."

"नाही. नवा काढ." त्यानं दुसऱ्या हातानं खाट थोपटली. खुंटीकडे बोट केलं, बाहेरच्या चादरींकडे केलं. "इथला. इथं राहायचा."

बाहेर तो बहिरा माणूस एकटाच चादरीची चारी टोकं जुळवायचा प्रयत्न करत होता आणि ती पुन्हा पुन्हा जमिनीला लागत होती.

आत्यानं पिशवी उघडली. फडक्याची गाठ सोडली, गेरूचा खडा हातात घेतला. तो खडा घासून, पाण्यात कालवून पट्टा काढला असता तर रात्रीच्या आंघोळीला गेला असता. ती त्या खड्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रागानं उठणार, त्याला हाताला धरून ओढणार. मग तिनं खडा परत फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि पिशवीच्या तळातून कामाचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, तिला उघडेना. राजेकाकानं उघडून दिलं.

तिनं अंगठा तेलातल्या गेरूत बुडवला आणि त्याच्या मनगटाभोवती सावकाश फिरवला. एरवी झाडाला एका झटक्यात पट्टा काढणारी बाई, पण त्या दिवशी तिनं घाई केली नाही. जिथं टोकाला टोक मिळतं तिथं पुन्हा एकदा अंगठा दाबला.

"वाळेपर्यंत कशाला लावू नकोस," ती म्हणाली. "चादरी खराब होतील."

"हो."

"तेलातला आहे. पाण्यानं नाही जायचा."

"हो."

तिनं डब्याला झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून दोनदा लावलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पुसट झाला की सांग. मी येईन परत काढायला."

"मी सांगीन," राजेकाका म्हणाला.